सहावी पट्टी

एकोणीस वर्षं शिवणकाकूंचं मशीन घराच्या पॅसेजमध्ये होतं. पॅसेज म्हणजे काय, तर स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधली एक बोळ. तिथे एक मशीन, एक स्टूल आणि स्वतः काकू एवढं मावलं की पुढे वाऱ्यालासुद्धा अंग चोरून जावं लागायचं. घरात कुणाला पाणी प्यायचं असो नाहीतर दार उघडायचं असो, काकूंनी पायडलवरचा पाय उचलायचा आणि गुडघे एका बाजूला घ्यायचे. "जरा पाय," असं त्यांचा नवरा दिवसातून तीस वेळा म्हणायचा. लग्नानंतर तो बायकोशी सगळ्यात जास्त हेच दोन शब्द बोलला असेल.

डोक्यावर एक पिवळट दिवा. त्याच्या उजेडात काळा धागा आणि गडद निळा धागा ओळखून दाखवा, मी तुम्हाला चहा पाजीन. एकदा एका वकिलाच्या काळ्या कोटाला निळ्या धाग्याची टीप गेली आणि वकीलसाहेबांना ते भर उन्हात, चारचौघांत कळलं. गिऱ्हाइकांची ट्रायल न्हाणीघरात व्हायची. नवा झगा घालून मागे वळलं की कुणाचा ना कुणाचा घेर बादलीत बुडायचाच. पण काकूंची नजर अशी तयार, की त्या पिवळ्या उजेडातसुद्धा दहा पावलांवरून शिवण अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा, तिरकी गेलेली त्यांना दिसायची. गिऱ्हाइकं त्या नजरेसाठी यायची आणि बादली सोसायची.

मग लेक शाळेत विज्ञानाची शिक्षिका झाली, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली आणि मागची खोली रिकामी झाली. त्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी. दिवसभर एकसारखा, शांत उजेड. सावली नाही, तिरीप नाही. काकू रोज सकाळी केर काढायच्या निमित्तानं तिथे जायच्या आणि हातात झाडू घेऊन नुसत्याच उभ्या राहायच्या. मशीन कुठे, कापायचं टेबल कुठे, ट्रायलचा पडदा कुठल्या कोपऱ्यात, सगळं त्यांनी मनातल्या मनात मांडून टाकलं होतं.

आणि एके दिवशी जेवताना नवरा म्हणाला, "दोन महिन्यांनी मी निवृत्त होतोय. मागची खोली मला लागेल."

"कशाला?"

"बसायला."

"बसायला खुर्ची लागते, अहो. खोली नाही लागत."

"पुलांचे नमुने करणार आहे मी. छोटे छोटे. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे नकाशे तपासले, आता स्वतःचं काहीतरी."

आता या गृहस्थांची ओळख करून द्यायला हवी. ते बांधकाम तपासणीच्या कचेरीत होते. कुठलाही नकाशा आला की लाल पेनानं त्यावर लिहायचे, "येथे आणखी एक टेकू द्यावा." कोंबड्यांच्या खुराड्याचा नकाशा आला तरी तेच. कचेरीत त्यांना सगळे टेकूसाहेब म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं, आणि मनातून ते आवडतही होतं. घरात चार पुस्तकांच्या फळीला नऊ ब्रॅकेट होते. स्टुलाला इतक्या आडव्या पट्ट्या, की पाय आत घ्यायची सोय नाही. आणि एका बाजूला पट्टी लावली की उरलेल्या तिन्ही बाजूंना लावल्याशिवाय त्यांचा जीव शांत व्हायचा नाही. बाजू समान पाहिजेत, नाहीतर भार एकीकडे जातो, असं ते म्हणायचे.

खोलीवरून तीन आठवडे जुंपली. दोघंही लेकीला फोन करायची, तेही एकमेकांच्या नकळत. शेवटी लेक कंटाळली. एका रविवारी ती एक खोकं घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर आपटलं. आत बाल्सा लाकडाच्या काड्या होत्या. खेळण्यातली विमानं करतात ते लाकूड. इतकं हलकं, की मूठभर काड्या हातात घेतल्या तरी हात रिकामाच वाटतो, आणि इतकं मऊ, की नख रुतावं.

"शाळेत मुलांची मनोऱ्यांची स्पर्धा असते, त्यातलं उरलंय," ती म्हणाली. "दोघांना सारख्या काड्या, सारखा गोंद. चाळीस सेंटिमीटर उंच मनोरा करायचा. तीन आठवड्यांनी मी येते. वर ठोकळा ठेवायचा, त्याला मधून बादली टांगायची आणि मोडेपर्यंत वाळू ओतायची. मनोऱ्यानं जेवढे ग्रॅम उचलले, त्याला त्याच्या स्वतःच्या वजनानं भागायचं. ज्याचा आकडा मोठा, त्याची खोली. आणि परत मला फोन करायचा नाही."

टेकूसाहेबांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जसं काही खोलीची किल्ली आत्ताच खिशात आली. "अगं, मी बांधकामातला माणूस आणि ही शिवणकामातली. हा काय न्याय झाला?"

"तुम्ही घाबरलात का बाबा?"

"घाबरतोय कशाला!"

"मग झालं. दुसऱ्याच्या मनोऱ्याला कुणी हात लावायचा नाही. आणि वाळू ओतायच्या आधी पाच मिनिटं मिळतील. तेव्हा काही काढून टाकायचं असलं तर काढा, पण जोडायचं नाही."

टेकूसाहेबांनी मागच्या खोलीतच तळ ठोकला. पहिले पाच दिवस त्यांनी एकही काडी कापली नाही, नुसते आलेखाच्या कागदावर आकडे. प्रत्येक काडी लेकीनं दिलेल्या छोट्या काट्यावर तोलली. दिसायला सारख्या काड्यांची वजनं निम्म्यानं कमीजास्त निघतात, तेव्हा जड आणि टणक त्या पायांना, हलक्या त्या तिरप्या पट्ट्यांना, अशी वाटणी केली.

काकू पॅसेजमध्ये, मशीनच्या फळीवर. त्यांनी काड्या तोलल्या नाहीत. कापड बघतात तशा बोटांत वाकवून बघितल्या, टिचकी मारून कानाशी धरल्या आणि ढीग लावले. मग चार काड्यांचा एक चौकोन चिकटवला आणि कोपरा ढकलला. चौकोन मुकाट्यानं कलंडला.

"हात्तिच्या!" काकू स्वतःशीच म्हणाल्या. "हे तर कापडच."

कारण कापड उभं ओढा, आडवं ओढा, ते जागचं हलत नाही. तिरपं ओढलं की मात्र लांबत जातं, म्हणून तर तिरप्या गळ्याला आतून फीत लावायची असते. काकूंनी चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक बारीक काडी लावली आणि पुन्हा ढकलला. चौकोन ढिम्म. मग काय, त्यांनी मनोऱ्याच्या चारही अंगांना मजल्यामजल्यावर फिती लावल्यासारख्या तिरप्या काड्या लावल्या. गोंद सुईच्या टोकानं, मोहरीएवढाच, कारण जास्त गोंद म्हणजे फुकटचं वजन. आठव्या दिवशी त्यांचा मनोरा चौदा ग्रॅमचा झाला. गाल थोडे बसलेले होते त्याचे, पण पायावर उभा होता.

आपण काही कमी नाही, अशा थाटात काकू झाडू घेऊन मागच्या खोलीत गेल्या आणि दारातच थांबल्या.

टेकूसाहेबांचा मनोरा टेबलावर उभा होता. सहा मजले, वर निमुळता होत गेलेला, कुठे गोंदाचा डाग नाही. उत्तरेच्या उजेडात तो इतका देखणा दिसत होता, की काकूंना क्षणभर आपण कुणाच्या बाजूच्या आहोत तेच कळेना.

"सोळा ग्रॅम," नवरा म्हणाला. "अठरा किलो कुठे गेले नाहीत." आणि शीळ वाजवत अंघोळीला गेला. शीळ! लग्नापासून काकूंनी ती ऐकली नव्हती.

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. खोली गेली. आता उरलेलं आयुष्य पॅसेजमध्ये, गुडघे एका बाजूला घेण्यात. त्यांना रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात नवरा पंचा विसरला म्हणून परत आला, आणि काकूंच्या तोंडून अगदी सहज निघाल्यासारखं वाक्य निघालं. सहज नव्हतंच ते.

"अहो, तो डावा पाय जरा कललाय का?"

टेकूसाहेब थबकले. "कुठला?"

"काही नाही, मला आपलं वाटलं." आणि काकू केर भरून निघून आल्या.

पाच मिनिटांनी मागच्या खोलीत लेव्हल आपटल्याचा आवाज आला. लेव्हल म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी. टेकूसाहेबांच्या खिशात ती एक छोटी कायमच असायची. मग करवतीचा बारीक आवाज. संध्याकाळी काकूंनी डोकावून बघितलं, तर खालच्या मजल्याला चार नव्या पट्ट्या. डाव्या पायाला एक आणि बाजू समान पाहिजेत म्हणून आणखी तीन. काट्यावर आकडा होता सव्वासतरा.

हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. तोंडाला कुलूप लावायचं, असं कुठे ठरलं होतं?

दोन दिवसांनी चहा देताना काकू म्हणाल्या, "वरचा भाग फारच नाजूक दिसतो ना? छान दिसतो हो, पण नाजूक." चार पट्ट्या. मग एकदा दारातूनच, "हा हलतो का हो, का माझेच डोळे फिरतायत?" चार पट्ट्या. त्यानंतर नुसतं मनोऱ्यापुढे उभं राहून, मान एका बाजूला करून, "हं," म्हणाल्या. त्या एका हुंकाराला चार पट्ट्या. पाचव्या वेळी म्हणाल्या, "चौथा मजला बाकीच्यांपेक्षा उंच आहे ना थोडा? मुद्दाम केलाय का?" टेकूसाहेबांनी मुद्दाम काहीही केलं नव्हतं. त्यांनी टेप लावून सगळे मजले मोजले, काकूंच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा मोजले आणि पट्ट्या कापायला घेतल्या.

काकू पॅसेजमध्ये येऊन मशीन भरधाव चालवायच्या आणि त्या खडखडाटात पोटभर हसून घ्यायच्या. सोळाचे बावीस ग्रॅम झाले होते. माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचा मनोरा जड करत होता, आणि वर शीळही बंद पडली होती.

सहाव्या वेळी मात्र घोळ झाला. काकू त्या दिवशी काही बोलायला गेल्याच नव्हत्या. खिडकीची काच पुसत होत्या. वळल्या आणि दहा पावलांवरून नजर मनोऱ्यावर पडली. तिसऱ्या मजल्यावर, उजवीकडच्या मागच्या पायाला पोट सुटलं होतं. काडीच मुळात बाकदार. वरचा सांधा जागच्या जागी, खालचा सांधा जागच्या जागी, आणि मधे ती अर्धा सूत बाहेर आलेली. लेव्हल सांध्यांवर लावली तर हे जन्मात दिसणार नाही. पण शिंपिणीची नजर ती, तिला चुणी दिसली की तोंड गप्प राहत नाही.

"अहो, इथे पोट सुटलंय, तिसऱ्याला!" काकू बोलून बसल्या आणि लगेच जीभ चावली. बाई गं, शत्रूला मदत केलीस की! पण बाण सुटला होता. टेकूसाहेबांनी तिसऱ्या मजल्यावर पायांच्या बरोबर मध्यावर आडव्या पट्ट्या घातल्या. चार. एकूण तेवीस ग्रॅम.

रविवारी लेक आली. बरोबर मोठी बादली, साखळी, मधे भोक पाडलेली फळी आणि वाळूचं पोतं. दोन टेबलांवर फळी ठेवून तिनं त्यावर आधी आईचा मनोरा उभा केला, माथ्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यातून मनोऱ्याच्या पोटातून आरपार साखळी, खाली बादली. मग मग्यानं वाळू ओतायला लागली. दहा किलोला मनोरा कुरकुरला. अकराला एका तिरप्या काडीनं टिक् असा आवाज केला. काकूंनी डोळे मिटून घेतले. कडाड् झालं आणि बादली जमिनीवर धप्पकन आली.

लेकीनं बादली तोलली. "बारा किलो सहाशे. भागिले चौदा. नऊशे." ती आईकडे बघतच राहिली. "आई, माझ्या वर्गात यंदा कुणाला साडेसातशेच्या वर नाही जमलं."

मग बाबांचा मनोरा काट्यावर. "तेवीस? बाबा, मी मधे फोन केला तेव्हा तर सोळा म्हणाला होतात! आता तुम्हाला नऊशे गाठायला वीस किलो सातशे पाहिजेत. पाच मिनिटं आहेत. काढा यातलं काहीतरी."

टेकूसाहेबांनी ब्लेड उचललं. मनोऱ्याभोवती एक फेरी मारली. पट्टीजवळ ब्लेड नेलं, मागे घेतलं. काकू त्या ब्लेडकडे बघत होत्या. कापू नका, कापू नका, असं त्यांचं आतून चाललं होतं. खोली आता हातभर अंतरावर होती.

"असू दे," टेकूसाहेब म्हणाले आणि ब्लेड खाली ठेवलं.

"अहो बाबा, उगाच लावलेल्या दिसतायत या. तुम्ही तपासलं नाहीत का?"

"तपासलं ना. दर वेळी लेव्हल लावली, टेप लावला. सगळं सरळ निघालं."

"मग?"

"तुझ्या आईला वाकडं दिसलं." त्यांनी खांदे उडवले, यात विचारण्यासारखं काय आहे अशा थाटात. "लेव्हल खोटी निघू शकते. तिची नजर नाही चुकायची."

काकूंना कुणीतरी भर बाजारात थोबाडीत मारल्यासारखं झालं. एकोणीस वर्षं हा माणूस "जरा पाय" याशिवाय काही बोलला नाही असं त्या धरून चालल्या होत्या, आणि याच्या मनात हे होतं! लाज वाटली त्यांना. इतकी लाज वाटली की कान तापले. खोली त्यांना हवी होती, अगदी जिवापाड हवी होती, पण अशी नको होती.

"काढा त्या पट्ट्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काढा म्हणते ना! डावा पाय कललेला नव्हता. वरचा भाग नाजूक नव्हता. हलत काही नव्हतं. चौथा मजला उंच नव्हता. मी मुद्दाम बोलले. तुमचा मनोरा जड व्हावा म्हणून बोलले."

लेकीच्या हातातला मग्गा तसाच राहिला. टेकूसाहेब बायकोकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"आणि ते 'हं'?"

"तेसुद्धा."

"त्या 'हं'वर मी दोन दिवस विचार करत होतो!"

"माहीत आहे मला. चुकलं माझं."

टेकूसाहेबांनी ब्लेड उचललं. "तीन मिनिटं राहिली," लेक हळूच म्हणाली. ते खालच्या पट्ट्या काढायला लागले. एक, दोन, तीन, चार. वरच्या चार. मधल्या आठ. हात सराईत, पण कानशिलावरची शीर उडत होती. चौथ्या मजल्यावरच्या सोलून काढल्या. मग ब्लेड तिसऱ्या मजल्याशी आलं.

"ती नका काढू!" काकू ओरडल्या. "ती खरी आहे."

ब्लेड थांबलं. टेकूसाहेब सावकाश वळले. आणि हसले. अगदी कडू हसले.

"खरी?"

"हो, खरंच पोट सुटलंय तिथे. ती पट्टी आहे म्हणून धरलंय."

"बरोबर. म्हणजे मी ही ठेवायची, एक ग्रॅम जास्तीचा वागवायचा, आणि तू जिंकायचीस. अगं, पाच वेळा फसलो म्हणून काय सहाव्यांदा पण?"

"आईशप्पथ सांगते!"

"शपथा घ्यायला लागली बघ."

"अहो, ऐका ना माझं! मला जिंकायचं असतं तर मी आधीचं कशाला सांगितलं असतं?"

"हाच तर डाव आहे. पाच कबूल करायच्या आणि सहावी खपवायची. नकाशे पास करून घ्यायला येणारे लोक अगदी असंच करतात. चौतीस वर्षं बघतोय मी."

काकूंनी लेकीकडे बघितलं. लेकीनं हात वर केले. पंचानं बोलायचं नसतं. काकू हात जोडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि त्या जितक्या विनवत होत्या तितकी टेकूसाहेबांची खात्री पक्की होत होती. त्यांनी खिशातली लेव्हल काढली, तिसऱ्या मजल्याच्या वरच्या सांध्यावर लावली, खालच्या सांध्यावर लावली. बुडबुडा दोन्ही वेळा बरोबर मध्यावर. त्यांनी तो बायकोला दाखवला, आणि चारही पट्ट्या एकामागून एक काढून टाकल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्या दिवशी स्वतः दिलेले टेकू काढले होते.

"सव्वासोळा ग्रॅम," लेक म्हणाली. "चौदा किलो सव्वासहाशे पाहिजेत."

वाळू पडायला लागली. आठ किलोपर्यंत मनोऱ्यातून हूं की चूं नाही. दहा. अकरा. टेकूसाहेबांनी हाताची घडी घातली. बारा झाले आणि काकूंची नजर तिसऱ्या मजल्यावरून हलेना. काडी हळूहळू बाहेर येत होती. अर्धा सूत, एक सूत.

"आलं, आलं बघा!" त्या कुजबुजल्या.

टेकूसाहेबांनाही ते आता दिसलं. दोघं नवरा-बायको एकाच काडीकडे बघत उभी होती. पोट आणखी पुढे आलं, दीड सूत झालं, आणि फटाक्यासारखा आवाज होऊन तो पाय मधोमध तुटला. बादली खाली बसली. बाकीचे तिन्ही पाय धडधाकट, नुसते आडवे झाले.

लेकीनं वाळू तोलली. "तेरा किलो. आठशे." मग तिनं तुटलेली काडी उचलून उजेडात धरली. "बाबा, हिला खरंच बाक होता."

टेकूसाहेबांनी काडी तिच्या हातातून घेतली. काकू जिंकल्या होत्या, आणि त्या झाडू घेऊन सांडलेली वाळू गोळा करायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर टेकूसाहेबांनी मशीन उचलून मागच्या खोलीत नेलं. खिडकीशी, काकूंना पाहिजे तिथे ठेवलं. कुरकुर नाही, टोमणा नाही. पॅसेज रिकामा झाला. आता "जरा पाय" म्हणायलाही काही उरलं नाही.

आणि मग सुरू झालं वेगळंच. काकू म्हणाल्या, बाहेर आभाळ आलंय, छत्री घ्या. टेकूसाहेब खिडकीशी जाऊन आभाळ बघून आले. काकू म्हणाल्या, आठ वाजले, बस चुकेल. त्यांनी भिंतीवरचं, हातातलं आणि स्वयंपाकघरातलं अशी तीन घड्याळं बघितली. सदऱ्याची कॉलर एका बाजूला मुडपलीय म्हटलं, तर माणूस आरशासमोर लेव्हल घेऊन उभा! पहिल्या दिवशी काकूंना हसू आलं. दुसऱ्या दिवशी राग आला. तिसऱ्या दिवशी त्या उत्तरेच्या त्या सुंदर उजेडात मशीनपुढे बसल्या आणि त्यांना टीपच घालवेना. फार लागलं त्यांना. आपल्या नजरेवर डोळे मिटून विश्वास ठेवणारं एक माणूस घरात होतं, हे त्यांना कळलं केव्हा, तर ते गमावल्यावर. लेकीला फोन करावासा वाटला, पण फोन करायचा नाही असं ठरलं होतं.

शनिवारी ट्रायलच्या कोपऱ्यात पडद्याचा दांडा बसवायचा होता. टेकूसाहेब स्टुलावर चढले. भिंतीला दांडा धरला. काकू खाली, दाराशी.

"बघ," ते म्हणाले. सवयीनं म्हणाले असतील.

काकूंनी बघितलं. "उजवीकडे एक सूत वर," त्या म्हणाल्या.

टेकूसाहेबांचा हात खिशाकडे गेला. लेव्हल अर्धी बाहेर आली. काकूंनी नजर खाली वळवली आणि हातातल्या पडद्याची कड उगाच चिमटीत धरली. मग लेव्हल पुन्हा खिशात सरकल्याचा आवाज आला.

"एक सूत?"

"एकच."

त्यांनी दांडा वर केला. "आता?"

"आता सरळ."

त्यांनी पेन्सिलीनं खूण केली, दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट ठोकले, दांडा बसवला. मग तिथेच स्टुलावर उभे राहून ते दांड्याच्या मध्याकडे बघत राहिले. बराच वेळ. काकूंना पुढचा प्रश्न माहीत होता.

"मधे एक टेकू देऊ का गं? खरं सांग. लागेल?"

पडदा सुती होता, झिरझिरीत. दांडा लोखंडी.

"खरं सांगू?" काकू म्हणाल्या. "अजिबात लागणार नाही."

"बरं," टेकूसाहेब म्हणाले आणि हिरमुसल्या चेहऱ्यानं एक पाय स्टुलावरून खाली घेतला.

"पण द्या," काकू म्हणाल्या.